जव्हार-मोखाड्यात कर कोणाला, आणि पैसे अडतात कुठे?

“आम्ही आदिवासी. आम्हाला इन्कम टॅक्स माफ असतो ना?”

आश्रमशाळेतले शिक्षक, आरोग्य सेविका, नुकताच पोलिसात लागलेला मुलगा, असे सगळे हा प्रश्न विचारतात. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, क ठाकूर, कातकरी हीच इथली बहुसंख्य वस्ती. त्यामुळे या भागाला वेगळा कायदा आहे, तर वेगळा करही असेल, असे वाटणे साहजिक आहे.

या प्रश्नाचे उत्तर पुढे दिले आहे. पण या दोन तालुक्यांत प्राप्तिकर भरावा लागेल अशी माणसे मुळात थोडी आहेत. इथल्या बहुतेक घरांचा पैसा करात जात नाही, तो अडतो: केवायसी झाले नाही म्हणून खात्यात, वारसाचे नाव लावले नव्हते म्हणून बँकेत, वर्षाचे दोन फॉर्म भरले नाहीत म्हणून शेतकऱ्यांच्या कंपनीच्या दंडात. २०२३ पासून, आणि विशेषतः २०२५ मध्ये, या बाबतींतले बरेच नियम बदलले. त्यातले पुष्कळसे ग्राहकाच्या बाजूचे आहेत आणि बँकेच्या काउंटरवर ते आपण होऊन कोणी सांगत नाही. म्हणून हे प्रकरण.

१. पाचवी अनुसूची आणि सहावी अनुसूची

राज्यघटनेत आदिवासी भागांसाठी दोन वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. सहावी अनुसूची आसाम, मेघालय, त्रिपुरा, मिझोराम या राज्यांतल्या ठराविक भागांना लागू आहे. पाचवी अनुसूची महाराष्ट्रासह देशातल्या इतर दहा राज्यांमधल्या अनुसूचित क्षेत्रांना. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी हे तालुके १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने पाचव्या अनुसूचीत आहेत. पेसा कायदा लागू होतो तो त्यामुळेच.

प्राप्तिकराची माफी मात्र पाचव्या अनुसूचीला जोडलेली नाही. १९६१ च्या कायद्यातले कलम १०(२६) सांगते की अनुसूचित जमातीची व्यक्ती ईशान्येकडच्या ठराविक राज्यांत व भागांत किंवा लडाखमध्ये राहत असेल आणि तिथेच कमावत असेल, तर ते उत्पन्न करमुक्त. नव्या कायद्यातही ही सवलत तशीच पुढे आली आहे. तिच्यात महाराष्ट्र नाही. म्हणजे जव्हारच्या शिक्षकाला जमातीच्या दाखल्यावर प्राप्तिकर माफ होत नाही.

आता त्याला प्रत्यक्ष कर किती पडतो ते पाहू. समजा पगार महिना ६०,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७,२०,०००. नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते. उरले ६,४५,०००. त्यातले पहिले ४ लाख करमुक्त. पुढच्या २,४५,००० वर ५ टक्क्यांनी १२,२५० रुपये कर. पण २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून, एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर सूट म्हणून पूर्ण सोडला जातो. म्हणून हाती देय कर शून्य. पगारदाराच्या बाबतीत ही मर्यादा वजावटीसकट १२,७५,००० पर्यंत जाते.

इथेच गफलत होते. कर शून्य आला म्हणजे विवरणपत्र भरायला नको, असे समजून लोक स्वस्थ बसतात. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे, मग कर एक रुपयाही नसला तरी. पगारदारांची मुदत ३१ जुलै. ती चुकली आणि करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या वर असले, तर ५,००० रुपये विलंब शुल्क पडते. वरच्या उदाहरणातल्या शिक्षकाला कर शून्य आणि शुल्क ५,००० असे होऊ शकते. हे शुल्क टाळणे पूर्णपणे त्याच्या हातात आहे.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन प्राप्तिकर अधिनियम २०२५ लागू झाला. कलमांची संख्या ५३६ वर आली. ‘मागील वर्ष’ आणि ‘आकारणी वर्ष’ ही डोके फिरवणारी जोडी जाऊन ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला. वरचे दर नव्या कायद्यामुळे बदललेले नाहीत. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक मात्र बदलले, त्यामुळे जुन्या क्रमांकावर अडून न बसता काय हवे ते नावाने सांगावे.

२. मोगरा, नागली आणि मोहाची फुले

शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ते कुठे संपते, हे फारसे ठाऊक नसते.

जव्हार-विक्रमगडच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मोगरा रुजला. उजाडायच्या आत घरातली सगळी माणसे कळ्या खुडायला उभी राहतात, कारण ऊन चढले की कळी फुलते आणि फुललेल्या मोगऱ्याला भाव राहत नाही. मग माल दादरच्या फूलबाजाराची वाट धरतो. या विक्रीचे उत्पन्न शेतीचे, म्हणून करमुक्त. रोपवाटिका करून मोगऱ्याची रोपे विकली तरी ते शेतीचेच उत्पन्न धरले जाते, तसे कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. नागली मळून, वाळवून पोत्यात भरून विकली, तेही शेतीचे. बाजारात नेण्याजोगा माल करण्यासाठी शेतकरी नेहमी जे करतो तेवढे चालते. नागलीची बिस्किटे करून विकली, तर त्यातला प्रक्रियेचा नफा हा धंद्याचा नफा.

मोहाच्या फुलांचे प्रकरण आणखी वेगळे आहे. मोह जंगलात आपोआप उगवतो. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजा बिनय कुमार साहस राय यांच्या खटल्यात ठरवून दिले की जमिनीवर माणसाने मशागत केली असेल तरच ते शेतीचे उत्पन्न, आपसूक वाढलेल्या झाडांचे नव्हे. तेव्हा वेचलेली मोहाची फुले कायद्याच्या काटेकोर नजरेत शेती ठरत नाहीत. फुले वेचणाऱ्या बाईचे वर्षाचे उत्पन्न ४ लाखांच्या आसपासही पोचत नाही, म्हणून तिला कर नाही. कारण वेगळे, निकाल तोच.

कराशी खरी गाठ पडते ती मुदत ठेवीवर. समजा घरात निवृत्तीचे किंवा जमिनीच्या मोबदल्याचे ८ लाख रुपये आले आणि ते ७ टक्क्यांनी ठेवले. वर्षाचे व्याज ५६,०००. बँकेने व्याजावर कर कापण्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून साठीच्या आतल्या माणसाला ५०,००० आणि ज्येष्ठ नागरिकाला १ लाख आहे. इथे ती ओलांडली, म्हणून १० टक्क्यांनी ५,६०० रुपये कापले जातील. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के, म्हणजे ११,२००. ज्या माणसाला मुळात कर लागूच होत नाही, त्याचे हे पैसे उगाच जातात आणि परत मिळवायचे तर विवरणपत्र भरावे लागते. उपाय सोपा आहे: वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत ‘माझ्यावर कर नाही, कापू नये’ असे स्वयंघोषणापत्र द्यायचे. जुन्या कायद्यात ते १५जी, आणि ज्येष्ठांसाठी १५एच होते. पॅन असल्याशिवाय ते चालत नाही, आणि दरवर्षी नव्याने द्यावे लागते.

३. एकाच नागलीचे दोन दर

बचतगटांच्या बायका जीएसटीबद्दल विचारतात, तेव्हा सांगण्यासारखे थोडकेच आहे. नागलीचे सुटे पीठ विकले तर जीएसटी शून्य. तेच पीठ पाकिटात भरून लेबल लावले तर ५ टक्के. नागलीचा पापड पाकिटात असला तरी शून्य. बिस्किटांवर पूर्वी १८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी हाताने काढलेल्या चित्रांवरचा दर १२ वरून ५ टक्के झाला, ज्याचा फायदा वारली चित्रे विकणाऱ्यांना आहे.

पण दर पाहण्याआधी मर्यादा पाहावी. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही. वर्षाला तीन लाखांचा माल आपल्याच राज्यात विकणाऱ्या गटाने ना नोंदणी करायची, ना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घ्यायचा. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणे हा गुन्हा ठरतो. कोणी ‘जीएसटी काढून देतो’ म्हणत पैसे मागत असेल, तर आधी उलाढाल मोजा.

४. केवायसी, ई-केवायसी आणि आधार जोडणी: तीन वेगळ्या गोष्टी

आता मुख्य विषयाकडे.

दिवाळी झाली की मोखाड्यातल्या पाड्यांवरून माणसे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पाऊस तोंडावर आला की परत येतात. सहा-सात महिन्यांनी बाई बँक मित्राकडे पैसे काढायला जाते. नागलीची लावणी आणि विटांची माती यांनी बोटांच्या रेघा झिजलेल्या. यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवायचा, लाल अक्षरे, पदराला पुसून पुन्हा ठेवायचा, पुन्हा लाल. मग दुसरे बोट. बोट जुळले तर पडद्यावर शिल्लक शून्य दिसते, किंवा खाते बंद असल्याचा शेरा. “केवायसी करा” एवढेच उत्तर मिळते. ती केवायसी करते, तरी पैसे येत नाहीत. का?

कारण केवायसी या एका शब्दाखाली तीन कामे मिसळली गेली आहेत.

पहिले, बँकेचे केवायसी. खातेदार कोण, राहतो कुठे, हे बँकेने ठराविक काळाने तपासायचे. बहुतेक साधी खाती कमी जोखमीची असतात, त्यांचे केवायसी दर दहा वर्षांनी. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. तेव्हा उघडलेल्या खात्यांची दहा वर्षे २०२४ पासून भरू लागली, म्हणूनच ही झुंबड एकदम उसळली.

दुसरे, योजनेचे ई-केवायसी. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले, ते त्या योजनेच्या संकेतस्थळावर करायचे होते. रेशनचे वेगळे, ते रेशन दुकानात. यांचा बँकेशी संबंध नाही. बँकेत केवायसी केले म्हणून लाडकी बहिणीचे होत नाही, आणि उलटही नाही.

तिसरे, आधार जोडणी. रोजगार हमीची मजुरी १ जानेवारी २०२४ पासून आधारवर आधारित पद्धतीने द्यायची, असे केंद्राने बंधनकारक केले. या पद्धतीत सरकार खाते क्रमांकावर पैसे पाठवत नाही, आधार क्रमांकावर पाठवते. कुठल्या आधारला कुठली बँक, याची यादी राष्ट्रीय देयक महामंडळाकडे असते आणि त्या यादीत एका आधारपुढे एकच बँक राहते: जी शेवटी जोडली ती. पाकिटावर फक्त नाव असावे आणि पोस्टमनने पत्र त्या माणसाच्या शेवटी नोंदवलेल्या पत्त्यावर टाकून जावे, तसेच हे आहे. बाईचे जुने खाते मोखाड्यात, पण भट्टीवर असताना कोणीतरी अंगठा घेऊन नवे खाते उघडले आणि आधार तिथे जोडले, की मजुरी आणि अनुदान त्या नव्या खात्यात जाऊ लागते. पैसे आलेले असतात. ती जुन्या पासबुकात शोधत राहते.

म्हणून पैसे न आल्याची तक्रार घेऊन जाण्याआधी एक तपासणी करावी. ‘माय आधार’ संकेतस्थळावर लॉगिन केले की ‘बँक सीडिंग स्टेटस’ मध्ये सध्या कुठली बँक जोडलेली आहे ते दिसते. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर बँकेच्या शाखेत हे विचारता येते. जुनी बँकच हवी असेल, तर त्या बँकेत आधार जोडणीचा संमती फॉर्म पुन्हा भरून द्यायचा.

आता बँकेच्या केवायसीबद्दल रिझर्व्ह बँकेने १२ जून २०२५ ला जे बदल केले ते नीट लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मुदत संपण्याआधी बँकेने ग्राहकाला किमान तीन वेळा कळवायचे, त्यातले एकदा पत्राने. मुदत उलटल्यावर आणखी तीन आठवणी, त्यातही एक पत्राने. कमी जोखमीच्या ग्राहकाचे केवायसी राहिले असले तरी मुदतीपासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यातली जी तारीख नंतरची असेल तोपर्यंत त्याचे सर्व व्यवहार चालू ठेवायचे. आणि सर्वांत उपयोगाचा बदल: माहितीत काही फरक नसेल, किंवा फक्त पत्ता बदलला असेल, तर साधे स्वयंघोषणापत्र पुरते आणि ते बँकेच्या अधिकृत बँक मित्राकडेही देता येते. खोडाळ्याहून किंवा सूर्यमाळहून निव्वळ एका सहीसाठी शाखेपर्यंत एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी घालवण्याचे कारण उरलेले नाही. बँक मित्राने पोच द्यायची आहे. ती मागून घ्या.

खाते निष्क्रिय होण्याचा नियमही वेगळा समजून घ्यावा. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ग्राहकाने व्यवहार केला नाही की बचत खाते निष्क्रिय धरले जाते. पण १ एप्रिल २०२४ पासून, सरकारी योजनांचे लाभ किंवा शिष्यवृत्ती यांसाठी उघडलेली शून्य शिलकीची खाती या कारणाने निष्क्रिय ठरवायची नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट आदेश आहे. वसतिगृहात शिकणाऱ्या मुलांच्या खात्यांना हा लागू होतो. इतर कोणाचे खाते निष्क्रिय झालेच, तर ते पुन्हा चालू करायला पैसे घेता येत नाहीत आणि किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही.

अंगठ्याने पैसे देणाऱ्या केंद्रचालकांवरही १ जानेवारी २०२६ पासून कडक नियम आहेत. बँकेने चालकाची पूर्ण ओळख तपासूनच त्याला यंत्र द्यायचे, आणि तीन महिने त्याने एकही व्यवहार केला नसेल तर पुन्हा तपासून मगच सुरू करायचे. आपण पाळायचा नियम एकच: प्रत्येक अंगठ्याला एक पावती. ‘मॅच झाला नाही’ म्हणून दुसऱ्यांदा अंगठा मागितला, तर पहिला व्यवहार फसल्याची पावती आधी घ्यावी.

५. माणूस गेल्यावर

खातेदार वारल्यावर बायकोला किंवा मुलांना चार-पाच वेळा बँकेत जावे लागते. कोर्टाचा वारस दाखला मागितला जातो. त्याचा खर्च पाहून पुष्कळ घरे दहा-वीस हजारांवर पाणी सोडतात. हे थांबायला हवे, आणि आता नियम त्या घरांच्या बाजूने आहेत.

१ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेव खात्यावर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. सगळ्यांना एकाच वेळी वाटा ठरवून देता येतो. उदाहरणार्थ, ८०,००० रुपयांच्या खात्यावर बायकोला ५० टक्के आणि दोन मुलांना २५-२५ टक्के लिहिले, तर तिला ४०,००० आणि मुलांना २०-२० हजार. टक्क्यांची बेरीज १०० यायला हवी. किंवा एकामागून एक असा क्रम लावता येतो: पहिली व्यक्ती हयात नसेल तर दुसरी.

नामनिर्देशन नसेल तरी मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ ला काढलेल्या निर्देशांनुसार, मृत्युपत्र किंवा वारसांत वाद नसेल तर १५ लाखांपर्यंतच्या दाव्याला (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत) कोर्टाचा दाखला किंवा बाहेरचा जामीनदार मागायचा नाही. दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्र, हमीपत्र, बाकीच्या वारसांचे ना-हरकत पत्र आणि वारसांबद्दल कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीचे घोषणापत्र पुरते. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाल लावायचा. उशीर झाला तर व्याज बँकेने द्यायचे. नामनिर्देशित माणूस पैसे स्वीकारणारा असतो, वारसांचा हक्क त्याने मोडत नाही, एवढे घरात आधी बोलून ठेवावे.

६. वनपट्टा, चांदीचे दागिने आणि उचल

१९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला, तो वेठबिगारीविरुद्ध होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेऊन नवरा-बायकोने वर्षानुवर्षे त्याच्याकडे राबायचे, ही ‘लग्नगडी’ची रीत तेव्हा मोडली. आज भट्टीमालकाची उचल घेऊन हंगाम संपेपर्यंत हिशेब न कळता राबणारी कुटुंबे पाहिली की बँकेचे छोटे कर्ज वेळेवर मिळणे किती मोलाचे आहे ते समजते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी आणि तिच्यापोटीचे कर्ज दोन्ही रद्द आहेत.

वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसाने पुढे जातो, पण विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. म्हणून तो बँकेत तारण चालत नाही. इथे कामी येतो तो १ जानेवारी २०२५ चा बदल: शेतीकर्ज २ लाखांपर्यंत विनातारण. आधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती. पट्टा तारण घेता येत नाही, या एका कारणाने दोन लाखांच्या आतला अर्ज नाकारणे योग्य नाही.

दागिन्यांवरच्या कर्जाचे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून सर्वत्र लागू आहेत आणि त्यांत सोन्याबरोबर चांदीही आहे. आदिवासी घरांत चांदीच अधिक असते, म्हणून हे महत्त्वाचे. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला दागिन्याच्या धातूच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. ४०,००० रुपयांच्या चांदीवर ३४,०००, पण मुदतीअखेरीस एकदम फेडायचे कर्ज असेल तर त्यात पूर्ण मुदतीचे व्याजही मोजले जाते, म्हणून हातात थोडे कमी येतात. कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

७. शेतकऱ्यांची कंपनी आणि रोज शंभर रुपये

किमान दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात. भागभांडवल कितीही असो, एका सभासदाला एक मत. काजू, मोगरा, नागली, भात यांसाठी अशा कंपन्या या भागात उपयोगाच्या आहेत यात शंका नाही. केंद्राने २०२० मध्ये दहा हजार उत्पादक संघटनांची योजना आणली, तिच्यात व्यवस्थापकाच्या आणि हिशेबनिसाच्या पगारासकट व्यवस्थापन खर्च तीन वर्षे मिळतो. अडचण चौथ्या वर्षी येते. पगार थांबतो, हिशेबनीस जातो आणि मुंबईतल्या कंपनी निबंधकाकडे दरवर्षी पाठवायची कागदपत्रे राहून जातात.

ती मुख्यतः दोन आहेत: लेखापरीक्षित ताळेबंदाचा फॉर्म एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७. सर्वसाधारण सभा झाली की तीस दिवसांच्या आत दोन्ही उरकणे शहाणपणाचे. उशिराचे शुल्क प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. हिशेब करू: दोन्ही फॉर्म एक वर्ष राहिले, तर ३६५ गुणिले १०० गुणिले २, म्हणजे ७३,००० रुपये. कंपनीने त्या वर्षी एक पोतेही विकले नसेल तरी. पुढच्या वर्षी मागचे फॉर्म अजून थकलेलेच असतील, तर रक्कम वाढतच जाते. सलग तीन आर्थिक वर्षे राहिले, की संचालकांना पाच वर्षे संचालक राहता येत नाही. ज्या शेतकऱ्याने गावाच्या सांगण्यावरून फक्त सही केली होती, त्याच्यावर हे येते. कायद्याने ठरवलेल्या दंडात उत्पादक कंपन्यांना निम्म्यापर्यंतची सवलत आहे, पण ती दंडाला, या रोजच्या शुल्काला नव्हे.

संचालकांच्या केवायसीत मात्र दिलासा मिळाला. आधी प्रत्येक संचालकाने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत ते करायचे, चुकले की ५,००० रुपये. ३१ मार्च २०२६ पासून ते तीन वर्षांतून एकदा झाले.

करात उलटे झाले. १०० कोटींच्या आत उलाढाल असलेल्या उत्पादक कंपन्यांना सभासदांच्या मालाच्या व्यवहारातल्या नफ्यावर पूर्ण वजावट देणारे कलम ८०पीए हे २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नापर्यंतच होते. त्या वजावटीने मूळ प्राप्तिकर वाचत होता, किमान पर्यायी कर तेव्हाही वेगळा होता. आता २ लाखांच्या नफ्यावर २५ टक्क्यांनी ५०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर २,०००, असे ५२,००० रुपये द्यावे लागतात. ‘आमचा माल शेतीचा, म्हणून कंपनीचा नफा माफ’ हा युक्तिवाद टिकत नाही, कारण कंपनी शेती करत नाही, शेतकऱ्यांचा माल विकते. माझे मत असे की छोट्या कंपनीने नफा साठवण्यापेक्षा खरेदीच्या वेळीच सभासदाला चांगला भाव द्यावा. शेतकऱ्याच्या हातात ते उत्पन्न करमुक्त राहते आणि कंपनीचा खर्च रास्त ठरतो.

नवी कंपनी काढण्याआधी सभासदांनी एक आकडा मांडावा: लेखापरीक्षकाची फी आणि फॉर्मचा खर्च मिळून वर्षाला किती, आणि तो अनुदान संपल्यावर कुठून निघणार. उत्तर नसेल तर काही वर्षे बचतगट किंवा सहकारी संस्था म्हणून काम करणे बरे.

८. दाद कुठे मागायची

आधी शाखेत लेखी तक्रार द्या, साध्या मराठीत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे.

पालघर जिल्ह्यातल्या अनेक शेतकऱ्यांचे खाते ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत असते. जिल्हा मध्यवर्ती बँका पूर्वी या लोकपाल योजनेच्या बाहेर होत्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून त्या तिच्यात आल्या आहेत. तक्रार करायला वकील लागत नाही आणि शुल्क एक रुपयाही नाही.